कोकणात नवं घर घेताना: एकदा वैशाखात बघा, एकदा आषाढात

आमचा पहिला फ्लॅट आम्ही डिसेंबरात बघितला आणि डिसेंबरातच पसंत केला. हवा गार, भिंतींना ताजा रंग, हॉलच्या खिडकीतून खाडी दिसत होती. एवढ्यावर भाळलो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेकडच्या खोलीत खिडकीखाली ताटाएवढा डाग उमटला. गणपती येईपर्यंत तो कपाटामागे पोचला आणि सासूबाईंच्या पैठणीवर बुरशीचे ठिपके आले. बिल्डरला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, कोकण आहे, ओल यायचीच." शेवटचा हप्ता त्याला कधीच पोचला होता. आमच्याकडे बोलायला काही उरलंच नव्हतं.

दुसरं घर घेतलं ते दोन ऋतू बघून. तेव्हा कळलं की बिल्डरकडे भावाचा आकडा असतो आणि आपल्याकडे वेळ. तो वेळ आपण रजा संपतेय म्हणून फुकट देऊन टाकतो. मुंबईहून चाकरमानी शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला येतात, आणि हायवेवर घरांचे फलक नेमके तेव्हाच लागतात. परतीचं तिकीट खिशात असलेल्या माणसाशी सौदा करणं कुणालाही सोपं जातं.

बदलीवर नव्याने आलेले, निवृत्तीनंतर गावाकडे परतणारे किंवा "एक घर कोकणात असावं" म्हणणारे नातेवाईक मला विचारतात, त्यांना जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग डोळ्यांपुढे आहेत, पण दक्षिण रायगडलाही बरंचसं लागू पडेल.

पहिली फेरी वैशाखात: पाणी

वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्टीत मे महिन्यात टँकर फिरतात. जांभ्याच्या जमिनीत पाणी मुरतं आणि उताराने निघून जातं. म्हणून नमुना फ्लॅट बघायच्या आधी शेजारच्या इमारतीत जा. तिथल्या बायकांना विचारा, नळ किती दिवसांआड येतो, किती वेळ येतो, टँकर किती लागतात आणि त्याचे पैसे कोण भरतं. बिल्डरच्या ऑफिसात "चोवीस तास पाणी" असतं. वॉचमनकडे खरा आकडा असतो.

बोअरवेल असेल तर एक बाटली पाणी घरी न्या. साबणाला फेस येतो का, डाळ शिजते का, एवढं बघितलं तरी अर्धी परीक्षा होते. खाडीजवळच्या विहिरी आणि बोअर मार्चनंतर खारट होऊ शकतात. जानेवारीत गोड लागलेलं पाणी मे महिन्यात पुन्हा चाखा. प्रयोगशाळेत तपासून घेतलंत तर उत्तमच.

आणखी एक गोष्ट, जी विचारायला लोक लाजतात. आपल्या बहुतेक गावांत भुयारी गटार नाही, प्रत्येक इमारतीला स्वतःची सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. ती टाकी कुठे आहे, विहिरीपासून किती लांब आहे, विहिरीच्या वरच्या अंगाला आहे का, हे नकाशावर दाखवायला सांगा आणि मग जागेवर जाऊन बघा. पावसाळ्यात जमीन तुडुंब झाली की शोषखड्डा पाणी घेत नाही आणि तळमजल्याच्या संडासातून ते उलटं येतं.

त्याच फेरीत संध्याकाळी सात-आठला लाइटचा दाब आणि मोबाइलची रेंज बघून घ्या.

दुसरी फेरी आषाढात: पाऊस

ही फेरी कुणी करत नाही, म्हणून हिच्यावर जास्त लिहिते.

आपला पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्यासकट येतो. तो वरून पडतो त्यापेक्षा आडवा जास्त मारतो. त्यामुळे गच्चीइतकीच पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत महत्त्वाची. दोन-तीन दिवस झड लागली असेल त्याच वेळी जा. खिडकीच्या चौकटीखालचे कोपरे, बाहेरच्या बाजूच्या भिंतीवरचे स्विचबोर्ड, छताचे कोपरे आणि बाथरूमला लागून असलेली भिंत यांवर हाताचा तळवा टेकवा. डोळ्याला न दिसणारी ओल हाताला लागते. खिडकीवर छज्जा आहे का आणि तो पुरेसा पुढे आला आहे का? नव्या इमारती बाहेरून सपाट आणि देखण्या दिसाव्यात म्हणून छज्जे कापले जातात. आपल्या आजोबांच्या घराची पागोळी भिंतीपासून हातभर लांब पडायची, ती उगाच नव्हे.

इमारत अजून अर्धवट असेल तर त्याच बिल्डरची चार पावसाळे काढलेली जुनी इमारत शोधा. तिथे राहणाऱ्यांशी बोला. हा माझ्या मते सगळ्यात खात्रीचा तपास, आणि त्याला एक पैसा लागत नाही. गच्चीवर नंतर पत्र्याची छपरी चढवलेली दिसली तर विचारा, ती का चढवावी लागली आणि पैसे कुणी दिले.

खारी हवा हा दुसरा शत्रू. ती काँक्रीटमध्ये शिरली की सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे किनारी हवेला उघड्या असलेल्या आरसीसी कामाला किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलीमीटरचं आवरण लागतं. आडोशाच्या भागाला एम-२५ आणि ३० मिलीमीटर. बिल्डरच्या इंजिनिअरला विचारा, कुठला दर्जा वापरला आणि क्यूब टेस्टचे (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद बघतात त्याचे) अहवाल दाखवाल का. वाळू खाडीची असेल तर ती धुतलेली होती का, हेही विचारा. चांगलं काम करणाऱ्याला हे प्रश्न आवडतात, असा माझा अनुभव आहे. चिडणाऱ्याचं चिडणंही काहीतरी सांगतंच.

मग पूर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं आणि तळमजले बुडाले. २००५ चा जुलैही लोक विसरलेले नाहीत. खेडला जगबुडी, राजापूरला अर्जुना आणि कोदवली, बांद्याला तेरेखोल. या गावांत घर घेताना जुन्या दुकानदाराला पुराची खूण विचारा. ती खूण आणि आपल्या इमारतीचं जोतं एकमेकांशी ताडून बघा. निळी आणि लाल पूररेषा आखलेली असेल तर जागा कुठल्या बाजूला येते, ते नगरपरिषदेत कळतं. वरच्या मजल्यावर घेतोय म्हणून निर्धास्त राहू नका. मीटरची खोली, पंप, लिफ्टची मशिनरी आणि गाडी खालीच असतात.

डोंगर कापून केलेल्या सपाटीवर इमारत असेल तर मागची संरक्षक भिंत बघा. तिला पाणी निघायची भोकं हवीत आणि भर पावसात त्यांतून पाणी यायलाही हवं. कोरडी भोकं म्हणजे पाणी भिंतीमागे साठतंय, असं समजून इंजिनिअरला दाखवा.

जमीन कुणाची

कोकणातला सातबारा वाचणं म्हणजे एखाद्या घराण्याची वंशावळ वाचणं. दहा गुंठ्यांना वीस-बावीस नावं, त्यांतली निम्मी गिरगाव-परळला गेलेली, काही वारलेली आणि त्यांच्या वारसांची नोंदच नाही. बिल्डरने जमीन विकत घेतलेली नसेल आणि मालकांशी विकसन करारनामा केला असेल, तर त्या करारावर आणि कुलमुखत्यारपत्रावर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या आहेत का, ते बघा. बहिणींच्या सह्या विशेष बघा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि "आमच्या बहिणी काही मागणार नाहीत" हे वाक्य कोर्टात चालत नाही.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग २ असेल तर हस्तांतराला सरकारी परवानगी लागते. इतर हक्कांच्या रकान्यात कूळ, देवस्थान, बँकेचा बोजा किंवा खाजगी वनाची नोंद असेल तर वकिलाने "ठीक आहे" म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. सातबाऱ्याबरोबर फेरफार मागा, कारण नाव कसं आलं ते त्यात कळतं. शहरी हद्दीत सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक असू शकतं. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांचा तपास, करून घ्या. हा वकील बिल्डरने सुचवलेला नसावा. आमचा पहिला होता.

बिनशेती आदेश किंवा सनद, मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी हे तीन कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत: सर्व्हे नंबर तोच, क्षेत्र तेच, मजले तेवढेच. ग्रामपंचायत हद्दीत हमखास एक गोंधळ होतो. नमुना ८ चा उतारा दाखवून सांगतात, "घरपट्टी लागलीय, सगळं कायदेशीर आहे." घरपट्टी हा कर आहे. ती भरली म्हणून बांधकामाला परवानगी होती, असं सिद्ध होत नाही.

समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्याला, आणि खाडीच्या काठानेही, सागरी नियमन क्षेत्राचे म्हणजे सीआरझेडचे नियम लागतात. खिडकीतून लाटा दिसत असतील तर त्या परवानगीची प्रत मागाच. अंगणातून तिवरांची झाडं दिसत असतील तरीही.

रो-हाउस किंवा बंगला घेणार असाल तर रस्ता बघा. गाडी आत्ता जाते ती कुणाच्या तरी कलमांच्या बागेतून, तो मालक बरा आहे म्हणून. उद्या त्याच्या मुलाने गडगा घातला तर? रस्त्याचा हक्क कागदावर हवा आणि हद्द भूमी अभिलेखच्या मोजणीने कायम केलेली हवी.

महारेरा

२०१६ च्या रेरा कायद्याने, म्हणजे घरबांधणी व्यवसायावरच्या नियमन कायद्याने, बरंच सोपं केलं आहे. महारेरा हे त्याखालचं राज्याचं प्राधिकरण; त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका, म्हणजे पूर्णत्वाची तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, मंजूर नकाशे आणि चालू दावे दिसतात. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, तोही स्कॅन करता येतो. मात्र जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणी सक्तीची नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी इमारती त्यातच बसतात. अशा ठिकाणी घर घेऊ नका, असं मी म्हणत नाही. माझं आत्ताचं घर तसंच आहे. पण मग पुढे सांगितलेली प्रत्येक अट करारनाम्यात हाताने लिहून घ्यावी लागते.

घासाघीस

पहिला प्रश्न "भाव काय?" हा नको. "सगळं धरून किती?" असं विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या. मीटर, पाण्याची जोडणी, सोसायटीची स्थापना, दोन वर्षांची देखभाल, पार्किंग, वकील फी असं काय काय वर चढतं ते त्याच दिवशी कळू दे.

दुसरा प्रश्न, भाव कशावर? कायद्याने विक्री कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर, व्हायला हवी, पण तोंडी आकडा अजून बिल्टअपचाच, म्हणजे भिंती-बाल्कनी धरून, सांगतात. समजा, पाच हजारांचा भाव आणि ८५० फूट, म्हणजे साडेबेचाळीस लाख झाले. टेपने मोजलं तर कार्पेट ६०० फूट निघालं. मग खरा भाव फुटाला ७,०८० च्या वर गेला. दोन इमारतींची तुलना याच आकड्यावर करा. टेप स्वतः न्या.

तिसरी गोष्ट जीएसटी. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) मिळायच्या आधी घर घेतलं तर जीएसटी लागतो: ४५ लाखांपर्यंतच्या आणि आपल्याकडे ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला १ टक्का, त्यावरच्याला ५ टक्के. पार्किंग आणि पसंतीच्या जागेचे जादा पैसेही त्या ४५ लाखांत मोजतात. म्हणजे ४६ लाखांच्या घरावर २ लाख ३० हजार आणि ४५ लाखांच्या घरावर ४५ हजार. किंमत या रेषेच्या जरा वर असेल तर एक लाख कमी करायला सांगताना हे गणित बिल्डरसमोर मांडा. त्याचे एक लाख जातात, तुमचे जवळजवळ तीन वाचतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलेल्या घराला जीएसटी नाहीच. तयार घर थोडं महाग वाटलं तरी हे धरून बघा.

आता सौदा कधी? आषाढ-श्रावणात. शिमग्याला आणि दसरा-दिवाळीला गिऱ्हाईक असतं, जुलैत ऑफिसात माणूस मोबाइल बघत बसलेला असतो. कर्जमंजुरीचं पत्र घेऊन जा, पण आपला शेवटचा आकडा सांगू नका. नवरा-बायको दोघं जात असाल तर एकाने गप्प बसायचं, हे घरूनच ठरवा. आमच्यात ते काम मी केलं नाही.

बिल्डर फुटाचा भाव सहसा पटकन सोडत नाही, कारण तो आकडा नोंदणीत येतो आणि पुढचं गिऱ्हाईक तोच धरून बसतं. वस्तू आणि कामं तो सहज देतो. म्हणून तिथे मागा: पश्चिमेच्या खिडक्यांवर मोठे छज्जे, बाहेरच्या भिंतीला जलरोधक रंगाचा जादा हात, गच्चीवर छपरी असेल तर तिची रीतसर परवानगी, बाल्कनीला न गंजणारी ग्रिल, इन्व्हर्टरची वायरिंग, पाण्याची जादा टाकी, देखभालीचा आगाऊ आकार कमी. फुकट मॉड्युलर किचन देतो म्हणाला तर आधी त्याचं लाकूड विचारा. साध्या पार्टिकल बोर्डची दारं आपल्या हवेत फुगतात.

उघड्या पार्किंगचे पैसे मागितले तर देऊ नका; उघडी जागा फ्लॅटसारखी सुटी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे.

"थोडे रोख द्या, स्टॅम्प वाचेल," ही सूचना कुठे ना कुठे येणारच. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे शांतपणे सांगा. शिवाय ते पैसे करारात दिसत नाहीत. सौदा फिसकटला तर मागायचे कशाच्या जोरावर? मुद्रांक शुल्क तसंही करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरतक्त्याची, किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का सवलत आहे, नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. घर ५० लाखांचं किंवा त्यावरचं असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरणं ही घेणाऱ्याची जबाबदारी.

करारनामा आणि हप्ते

रेराखालच्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. त्याच्या पुढचे हप्तेही महाराष्ट्राच्या नमुना करारात कामाला बांधलेले आहेत: करार झाल्यावर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की ४५, स्लॅब पुरे झाले की ७०, आणि अगदी शेवटचा भाग ताब्याच्या वेळी. हा तक्ता घ्या आणि त्यात एक कोकणी दुरुस्ती मागा: गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर दोन दिवस पाणी भरून ठेवायचं, खाली थेंब आला नाही तरच तो हप्ता. ताबा एप्रिल-मेमध्ये असेल तर थोडी रक्कम पहिला पाऊस बघून द्यायचा प्रयत्न करा. सगळे मान्य करत नाहीत. आम्हाला दुसऱ्या बिल्डरने ऑक्टोबरपर्यंत एक लाख मागे ठेवू दिले, आणि ऑगस्टात गवंडी न बोलावता आला.

तोंडी दिलेली प्रत्येक वस्तू करारनाम्याच्या जोडपत्रात घाला, कंपनी आणि दर्जासकट. "उत्तम प्रतीच्या टाइल्स" या शब्दांना अर्थ नाही. ताब्याची तारीख लिहा, उशीर झाला तर व्याज लिहा. पार्किंगची लांबी, रुंदी, उंची लिहा.

ताबा

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय चावी घेऊ नका, गृहप्रवेशाचा मुहूर्त कितीही चांगला असू दे. नुसतं आर्किटेक्टचं पूर्णत्वाचं पत्र पुरत नाही.

बघायला जाताना ओळखीचा गवंडी किंवा इंजिनिअर बरोबर घ्या, पाणसळ आणि ओळंब्यासकट. तुमच्याकडे एक गोटी, एक रुपयाचं नाणं, मोबाइलचा चार्जर आणि बादली असू दे. गोटी बाथरूममध्ये सोडा, ती जाळीकडे गेली पाहिजे. नाण्याने टाइल वाजवा, पोकळ आवाज आला की खूण करा. चार्जर प्रत्येक प्लगला लावा. बादलीभर पाणी बाल्कनीत ओता आणि ते घरात येतं की बाहेर जातं बघा. मग सगळ्या नळांतून एकदम पाणी सोडून खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या घरी जाऊन त्याचं छत बघा. त्रुटींची यादी दोन प्रतींत करा आणि बिल्डरची सही घ्या.

पहिल्या पावसात एक वही ठेवा. डाग दिसला की तारीख घालून फोटो, आणि बिल्डरला लेखी पत्र, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं रेरा कायदा सांगतो, आणि भिंतीतून येणारी ओल ही कारागिरीच. फोनवरच्या तक्रारीचा पुरावा राहत नाही. आमच्या पहिल्या घराच्या वेळी मी दोन पावसाळे नुसते फोन करत होते. तिसऱ्या वर्षी पत्र गेलं तेव्हा परांची लागली.